विश्लेषण : गाडीमागे घर जोडून हिवाळ्यात देशभ्रमण... नागपूरहून निघण्याआधी काय तपासाल?

डिसेंबर लागला की नागपूरकरांच्या मोबाइलवर दोन प्रकारचे मेसेज हमखास येतात. एक हुरडा पार्टीचे आणि दुसरे पारा किती घसरला त्याचे. गेल्या काही वर्षांत त्यात तिसऱ्याची भर पडली आहे. एसयूव्हीच्या मागे जोडलेलं छोटं पांढरं घर, मागची झडप उघडली की बाहेर येणारा ओटा, आत सोफ्याचा होणारा पलंग आणि खाली ओळ, ‘हॉटेलची कटकटच नाही’. रील बघताना आपणही मनातल्या मनात बॅग भरायला लागतो. झीरो माइलच्या गावात राहणाऱ्याला तर वाटणारच, उत्तरेला निघा नाहीतर दक्षिणेला, देश दोन्हीकडे सारखाच पसरलेला आहे.

पण हे आपल्याकडे कायद्याने चालतं का? आपली गाडी ते ओढेल का? ओढलं तरी वेळेवर थांबेल का? आणि कडाक्याच्या थंडीत त्या बंद डब्यात झोपणं किती सुरक्षित? हे प्रश्न रीलमध्ये येत नाहीत. शेवटचा प्रश्न जिवावरचा आहे, म्हणून त्यावर जरा जास्त बोलू.

कॅम्पर ट्रेलर आणि कॅराव्हॅन एकच का?

नाही. सगळा घोळ इथूनच सुरू होतो. ज्या वाहनाला स्वतःचं इंजिन आहे आणि मागच्या भागात झोपण्याची, स्वयंपाकाची, सामान ठेवण्याची सोय आहे ते ‘मोटर कॅराव्हॅन’. बस, मिनीबस किंवा पिकअपच्या सांगाड्यावर ते बांधलं जातं. त्यासाठी ‘एआयएस-१२४’ नावाचं स्वतंत्र तांत्रिक मानक आहे. महिंद्राने २०२२ मध्ये आयआयटी मद्रासच्या पाठबळाने उभ्या राहिलेल्या एका स्टार्टअपसोबत बोलेरो कॅम्पर गोल्डवर अशी गाडी बांधण्याचा करार केला, ती याच प्रकारातली.

कॅम्पर ट्रेलर वेगळा. त्याला इंजिन नसतं. तो आपल्या गाडीच्या मागे आकड्याने जोडायचा, मुक्कामाच्या जागी सोडून ठेवायचा आणि मोकळी गाडी घेऊन गावात फिरायचं. अमेरिका, ऑस्ट्रेलियात हा प्रकार घरोघरी दिसतो. आपल्याकडे ‘ट्रेलर’ म्हटलं की ट्रॅक्टरची ट्रॉली आठवते आणि नियम करणाऱ्यांच्या डोळ्यासमोरही बहुतेक तीच असावी.

खरं तर घर ओढत हिवाळ्यात मैलोन्‌मैल जाणं महाराष्ट्राला अजिबात नवीन नाही. दिवाळीच्या आसपास बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांची कुटुंबं ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून साखर कारखान्यांकडे निघतात. भांडीकुंडी, धान्य, पोरंबाळं, कधी शेळीही त्याच ट्रॉलीत. त्याला कोणी ‘कॅम्पिंग’ म्हणत नाही. हा उल्लेख सहज केलेला नाही. रात्री महामार्गावर दिवे नसलेल्या ट्रॉलीला मागून धडक, ही बातमी आमच्या डेस्कवर दर हिवाळ्यात येते. हौसेने ट्रेलर घेऊन निघालेला माणूसही त्याच रस्त्यावर, त्याच अंधारात असणार आहे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार ट्रेलर हे स्वतःच एक ‘मोटार वाहन’ आहे. कलम २ मधल्या व्याख्येत ते स्पष्ट आहे. म्हणजे इंजिन नसलं तरी त्याची स्वतंत्र नोंदणी हवी, स्वतःची नंबर प्लेट हवी आणि विमाही हवा. गाडीच्या विम्यात ट्रेलर आपोआप येतो हा समज चुकीचा आहे. खासगी कारच्या पॉलिसीला ट्रेलरची जोड देता येते, पण ती मागून, पैसे भरून आणि कागदावर नोंदवून घ्यावी लागते.

केंद्र सरकारच्या ५ नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापराचा कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर ‘बिगर-वाहतूक’ गटात टाकलेला आहे. ही आपल्यासाठी चांगली बातमी. स्वतःच्या कुटुंबासाठी वापरत असाल तर टॅक्सी-ट्रकसारखे परमिटचे सोपस्कार लागत नाहीत. तोच ट्रेलर भाड्याने द्यायला लागलात की गट बदलतो, कर बदलतो आणि विम्याची कंपनी दावा नाकारायला मोकळी होते.

मग अडतं कुठे? गावातल्या फॅब्रिकेटरकडे. लोखंडी चॅनल वेल्ड करून, वर पत्र्याची नाहीतर फायबरची खोली बसवून दीड-दोन महिन्यांत ‘कॅम्पर’ तयार करून देणारे कारागीर आता नागपूरच्या आसपासही सापडतात. हात चांगला असतो, पण एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र नसतं. त्याशिवाय आरटीओत नोंदणीचं काम अडकतं. त्यामुळे ट्रेलर घेताना रंग आणि पडदे नंतर बघा, आधी प्रमाणपत्राची प्रत मागा.

दुसरी अडचण ओढणाऱ्या गाडीची. मागे ट्रेलरचा आकडा बसवणं म्हणजे गाडीत बदल. कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बेकायदा बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडीसोबत आलेलं मॅन्युअल कपाटातून काढा आणि ट्रेलर ओढण्याच्या क्षमतेचं पान शोधा. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये तो आकडा दिलेलाच नसतो किंवा ‘ओढू नये’ असं सरळ लिहिलेलं असतं. शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलने ओढलं, हा पुरावा विमा कंपनीपुढे चालत नाही.

लायसन्सचं काय? हलक्या वाहनाचं, म्हणजे एलएमव्ही लायसन्स ७,५०० किलोपर्यंतच्या वाहनांना पुरतं, वाहतूक गटातल्या वाहनांनाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी त्यावर शिक्कामोर्तब केलं. मागे ट्रेलर जोडला म्हणून ट्रॅक्टरचं वैध लायसन्स असलेला चालक विनापरवाना ठरत नाही, असं त्याच न्यायालयाने २००१ मध्येच म्हटलं होतं. म्हणजे लायसन्स हा इथला मोठा प्रश्न नाही. मोठा प्रश्न असा की आपल्याकडे ट्रेलर मागे घेऊन गाडी चालवायला, विशेषतः रिव्हर्स घ्यायला, कोणतीही ड्रायव्हिंग स्कूल शिकवत असल्याचं माझ्या पाहण्यात नाही. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. हे पहिल्यांदा समजायला मोकळं मैदान हवं, टोल नाक्याची रांग नव्हे.

ओढेल हो, पण थांबेल का?

इंजिनीअरिंगची चार वर्षं अशा वेळी कामाला येतात, म्हणून थोडं गणित. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत अडीच सेकंद धरले, रस्ते आखणारे अभियंते तेवढेच धरतात, तर ५५ मीटर नुसत्या विचारात गेले. त्यानंतर ब्रेक लागून गाडी थांबायला आणखी साधारण ७० मीटर. एकूण १२५ मीटर.

आता दीड टनाच्या गाडीमागे ७५० किलोचा, स्वतःचे ब्रेक नसलेला ट्रेलर जोडा. थांबवायचं वजन दीडपट झालं, थांबवणारे टायर तेवढेच राहिले. ब्रेक लागल्यानंतरचं अंतर ७० वरून १०५ मीटरवर जातं आणि एकूण १६० मीटर. हे ढोबळ गणित आहे, पण फरकाचा अंदाज यायला पुरेसं आहे. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत ते उगाच नाही. आपण त्याखालचा ट्रेलर घेत असलो तरी ब्रेकवाला घ्यावा, असं मला वाटतं. चार पैसे जास्त जातील, जाऊ द्यावेत.

दुसरी गोष्ट सामान कुठे ठेवता त्याची. पाण्याची टाकी, बॅटरी, किराणा हे सगळं मागच्या बाजूला गेलं की ट्रेलरचं नाक वर उचललं जातं आणि वेग वाढला की तो सापासारखा डावी-उजवीकडे झुलू लागतो. शेजारून ट्रक गेला, त्याची हवा लागली की झोका वाढतो. वजनदार सामान चाकांच्या जरा पुढे आणि खाली ठेवायचं आणि ट्रेलरच्या वजनाच्या ५ ते १० टक्के भार आकड्यावर यायला हवा. तरीही झुलू लागलाच तर ब्रेक दाबू नका, स्टिअरिंगने झटापट करू नका. एक्सलेटरवरचा पाय काढा आणि गाडीला आपोआप मंद होऊ द्या.

टायर हवेचाही हिवाळ्याशी संबंध आहे. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआयने कमी होतो. दुपारी वर्धा रोडवर भरलेली हवा पहाटे सिवनीत तीन पीएसआय कमी दाखवेल. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या ट्रेलरचे टायर वरून नवे दिसतात, पण बाजूंना भेगा पडलेल्या असतात. त्या एकदा बोट फिरवून बघा.

उत्तर, दक्षिण की पश्चिम?

नागपूरहून निघणाऱ्याला राष्ट्रीय महामार्ग ४४ म्हणजे श्रीनगर-कन्याकुमारी आणि महामार्ग ५३ म्हणजे सुरत ते पारादीप, असे देशाचे दोन मुख्य रस्ते घराजवळच मिळतात. त्यात आता समृद्धी. ट्रेलर मागे असेल तर हिवाळ्यात या दिशा सारख्या नाहीत.

उत्तरेचा मोह सगळ्यात मोठा. पण डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी हा गंगा-यमुनेच्या मैदानातला दाट धुक्याचा काळ. हवामान विभाग दृश्यमानता ५० ते २०० मीटर असेल तर ‘दाट’ आणि ५० मीटरपेक्षा कमी असेल तर ‘अति दाट’ धुकं म्हणतो. वरचं गणित आठवा. ८० च्या वेगाला ट्रेलरसह १६० मीटर लागतात आणि दिसतात पन्नास. अति दाट धुक्यात एकट्या कारसाठीही ताशी ४० हा जेमतेम सुरक्षित वेग आहे, ट्रेलरसह तर त्याहून कमी. यमुना एक्स्प्रेसवेवर गेली काही वर्षं १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी हलक्या वाहनांची कमाल वेगमर्यादा १०० वरून ७५ आणि जड वाहनांची ६० वर आणली जाते. हिशेब असा ठेवा की ग्वाल्हेरच्या पुढे सकाळी दहाच्या आधी चाक हलवायचं नाही. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी ट्रेलर घरी ठेवून रेल्वेने जावं. तीही धुक्यात उशिरा धावते, पण ती आपल्याला चालवावी लागत नाही.

उत्तरेच्या रस्त्यावर आपल्या अंगणातच आणखी एक टप्पा आहे. मनसर, देवलापार ओलांडून खवासापर्यंत महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. वन्यप्राण्यांसाठी इथे पाच भुयारी मार्ग आणि चार छोटे पूल असे नऊ ओलांड-मार्ग बांधले आहेत. त्यांची रुंदी ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत आहे आणि खालून वाघ गेल्याचे फोटो भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांनी टिपले आहेत. ‘किती छान जंगल आहे, इथेच बाजूला लावू’ असं नेमकं या पट्ट्यात वाटतं. इथे ट्रेलर उभा करून चूल पेटवणं म्हणजे त्या नऊ पुलांवर पाणी सोडण्यासारखं आहे. शिवाय मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसणार नाही, ते वेगळंच.

दक्षिणेला हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबाद, हैदराबाद असा रस्ता चांगला आणि बहुतांश सपाट. थंडी उतरत जाते. पण दोन सावधगिरी हव्यात. नोव्हेंबर ते जानेवारी हा कापसाचा हंगाम. वर्धा-यवतमाळच्या पट्ट्यात जिनिंगकडे निघालेल्या कापसाने फुगलेल्या ट्रॉल्या आणि बैलबंड्या संध्याकाळी रस्त्यावर असतात आणि त्यांच्या मागे लाल दिवा असेलच असं नाही. दुसरं, तामिळनाडूचा खरा पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर असतो आणि चक्रीवादळंही त्याच काळातली. ३० नोव्हेंबर २०२४ ला ‘फेंगल’ पुद्दुचेरीजवळ धडकलं होतं. कन्याकुमारीपर्यंत जायचं असेल तर मकर संक्रांतीनंतर निघा.

पश्चिमेची वाट सध्या सगळ्यात सोपी. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यावर पूर्ण झाला. कारला ताशी १२० ची मुभा आहे, पण मुभा म्हणजे आज्ञा नव्हे. ट्रेलर मागे असताना ८० च्या वर जाऊ नये, डावीकडची लेन सोडू नये. सरळसोट काँक्रीट रस्त्यावर डोळ्यांना काही काम नसतं आणि मेंदू सुस्तावतो. व्हीएनआयटीच्या अभ्यासातही या रस्त्यावरच्या अपघातांच्या संदर्भात ‘महामार्ग संमोहना’चा मुद्दा आला होता. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेल्या बसला आग लागून २५ जण गेले, ते विदर्भ विसरलेला नाही. दर दीड तासाने थांबायचं, पण शोल्डरवर नाही, इंटरचेंजवरून बाहेर पडून.

टोलचा एक बारकावा. १५ ऑगस्ट २०२५ ला तीन हजार रुपयांत सुरू झालेला, २०० फेऱ्यांचा फास्टॅग वार्षिक पास खासगी कार-जीप-व्हॅनसाठी आहे आणि तो राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. समृद्धी राज्य रस्ते विकास महामंडळाचा, तिथे तो चालत नाही. तिथे १ एप्रिल २०२५ पासून कारला किलोमीटरमागे २.०६ रुपये आणि मिनीबस गटाला ३.३२ रुपये दर आहे. मिनीबसच्या सांगाड्यावरची कॅराव्हॅन भाड्याने घेत असाल तर तिचा फास्टॅग कोणत्या गटाचा आहे ते निघण्याआधी विचारा, नाहीतर नाक्यावर वाद ठरलेला.

थंडीपेक्षा धोकादायक काय?

नागपूरची थंडी कमी लेखू नका. २९ डिसेंबर २०१८ ला शहराचं किमान तापमान ३.५ अंशांवर गेलं होतं. पचमढी, अमरकंटककडे तर गवतावर बर्फाची पांढरी साय धरते. पण कॅम्परमध्ये माणसं थंडीने सहसा मरत नाहीत. थंडी घालवायला जे करतात त्याने मरतात.

डिसेंबर २०२४ ची घटना आहे. केरळमध्ये कोझिकोड जिल्ह्यातल्या वडकराजवळ रस्त्याच्या कडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले. एसी चालावा म्हणून गाडीतलाच जनरेटर सुरू ठेवला होता. कालिकतच्या एनआयटीच्या तज्ज्ञांनी त्याच गाडीवर प्रयोग करून पाहिला, तेव्हा जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड खालच्या फटीतून आत शिरल्याचं स्पष्ट झालं. त्याआधी जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे एका रिसॉर्टच्या खोलीत गॅस हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक, त्यात चार लहान मुलं, सकाळी उठलेच नाहीत. एक घटना एसीची, एक हीटरची. वायू तोच.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते आणि आपल्याला वाटतं प्रवासाचा शीण आहे. कॅम्परची आतली जागा एका लहान खोलीच्याही निम्मी नसते. आपल्या घरात शेगडी ठेवून झोपायची आजीची सवय निभावून गेली, कारण कौलांच्या फटीतून वारा येत होता. फायबरच्या हवाबंद डब्यात ती फट नसते.

मागच्या जानेवारीत आम्ही तीन मित्र भाड्याच्या कॅराव्हॅनने सिवनीच्या पुढे मुक्कामाला होतो. मालकाने निघताना सांगितलं होतं, जनरेटर रात्रभर चालू ठेवा, काही होत नाही. खिडक्या घट्ट लावून झोपलो. पहाटे तिघांचंही डोकं ठणकत होतं, भिंती आतून ओल्या, रजयांना कोंदट वास. एकाला मळमळत होतं म्हणून त्याने दार उघडलं आणि मग सगळेच बाहेर आलो. आम्ही ते रात्रीच्या तर्री-पोह्यांवर ढकलून मोकळे झालो. वडकराची बातमी नंतर नीट वाचली तेव्हा पोटात खड्डा पडला.

म्हणून काही गोष्टी तडजोड न करता पाळायच्या. झोपताना आत काहीही जळत ठेवायचं नाही. शेगडी, कोळसा, गॅस हीटर, काहीही. जनरेटर लागलाच तर गाडीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या दिशेला आणि झोपण्याआधी बंद. वर एक आणि खाली एक अशा दोन झडपा रात्रभर उघड्या ठेवायच्या. थंडी वाजेल, वाजू द्या. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म ऑनलाइन मिळतो, तो उशीच्या उंचीवर लावायचा.

गॅस सिलिंडरचाही विचार करा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. वरची खिडकी उघडी असून उपयोग नाही, खालची झडप हवी. २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराई स्थानकात उभ्या असलेल्या पर्यटकांच्या रेल्वे डब्यात पहाटे चहा करताना आग लागली आणि नऊ जण गेले. तिथे सिलिंडर नियम मोडून आणलेला होता. कॅम्परमध्ये घरचा १४.२ किलोचा आडवा टाकून न्यायची कल्पना सोडा. पाच किलोचा छोटा सिलिंडर, तोही बाहेरच्या हवेशीर कप्प्यात, उभा बांधलेला. स्वयंपाक शक्यतो झडपेबाहेर. शून्याजवळच्या थंडीत गॅसची धार मंदावते, कारण त्यातला ब्यूटेन तिथे वायू व्हायलाच तयार नसतो. अशा वेळी सिलिंडरवर गरम पाणी ओतणारे किंवा खाली काही पेटवणारे लोक मी व्हिडिओत पाहिले आहेत. तसलं काही करू नका.

मग ऊब कशी मिळवायची? इलेक्ट्रिक हीटर हे उत्तर वाटतं, पण हिशेब बघा. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवर बॅटरी म्हणजे साधारण १,२०० वॅट-अवर ऊर्जा. दीड हजार वॅटचा हीटर ती ४८ मिनिटांत रिकामी करेल. तीच बॅटरी १०० वॅटचं इलेक्ट्रिक ब्लँकेट रात्रभर सांभाळते. त्याहून स्वस्त उपाय आपल्या पलंगपेटीत पडलेला आहे, कापसाची जाड रजई. खाली फोमची गादी आणि तिच्या खालीही एक घोंगडी, कारण थंडी वरून कमी आणि खालच्या पत्र्यातून जास्त येते.

रात्री लावायचं कुठे?

इथे धोरण आणि रस्ता यांच्यातलं अंतर दिसतं. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यात कॅराव्हॅन आणि कॅराव्हॅन पार्क असे दोन भाग आहेत. पार्क खासगी जमिनीवर, कृषी पर्यटन केंद्रात किंवा एमटीडीसीच्या जागेत उभा राहू शकतो आणि तिथे पाणी, वीज, रस्ता हवा. नोंदणी करणाऱ्यांना सवलतीही देऊ केल्या. केरळने त्याच वर्षी ‘केरवान केरळ’ जाहीर केलं आणि २०२२ च्या सुरुवातीला वागमोनला पहिला पार्क सुरूही केला. कागद दोघांचाही चांगला. पण ट्रेलर घेऊन नागपूरहून नकाशा उघडला की रात्री प्लग लावायची जागा शोधताना धोरण नव्हे, ओळख कामाला येते.

व्यवहारात तीन पर्याय उरतात. एमटीडीसीचं निवासस्थान किंवा कृषी पर्यटन केंद्र, आधी फोन करून, आवारात लावू द्याल का असं विचारून. रामटेक, बोदलकसा, नवेगावबांध हे जवळचे मुक्काम सरावासाठी उत्तम. चिखलदऱ्याचा घाट मात्र पहिल्या फेरीला ट्रेलरसह नको. दुसरा पर्याय महामार्गावरची सुविधा केंद्रं. दर ४० ते ६० किलोमीटरवर अशी केंद्रं उभारण्याचं केंद्राचं उद्दिष्ट आहे आणि पेट्रोल पंप, ढाब्यांवरच्या सोयी सुधारण्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘हमसफर’ धोरणही आलं. तिसरा पर्याय शेतकऱ्याचं खळं. विदर्भात विचारून मुक्काम मागितला तर सहसा नाही म्हणत नाहीत, उलट चहा येतो. फक्त गव्हाला पाणी देण्याची पाळी रात्रीची असते, बांधावर ट्रेलर आडवा लावू नका.

आणि ज्याबद्दल रीलमध्ये कुणी बोलत नाही ते, शौचालयाची टाकी. परदेशात ती रिकामी करायला ठरलेली जागा असते. आपल्याकडे ती बहुतेक ठिकाणी नाही. निघताना सगळे म्हणतात बघू कुठेतरी आणि ते ‘कुठेतरी’ म्हणजे नाला, कॅनॉल नाहीतर कुणाच्या संत्र्याच्या बागेचा काठ. मुक्कामाची जागा ठरवतानाच सेप्टिक टँक आहे का आणि त्यात टाकी रिकामी करू द्याल का, हे विचारा. नाही म्हणाले तर टाकीचा वापर फक्त अडीनडीला ठेवा आणि सकाळी सुविधा केंद्राचं शौचालय गाठा.

घ्यावा की भाड्याने बघावा?

वर्षातून दहा-बारा दिवसांसाठी ट्रेलर विकत घेणं मला तरी पटत नाही. नोंदणी, विमा, आकडा, टायर आणि उरलेले साडेअकरा महिने तो उभा करायला जागा, जी नागपुरातल्या फ्लॅट स्कीममध्ये चारचाकीलाच मिळत नाही. आधी चालकासह कॅराव्हॅन भाड्याने घेऊन दोन रात्री काढून बघाव्यात. गाडी ताब्यात घेताना आरसीवर ‘मोटर कॅराव्हॅन’ किंवा ‘कॅम्पर व्हॅन’ अशी नोंद आहे का, की साध्या मिनीबसमध्ये पलंग ठोकले आहेत, ते पाहा. मग खाली वाकून टॉर्चने जनरेटरच्या कप्प्याभोवतीच्या फटी तपासा. मालकाला ते विचित्र वाटेल, वाटू द्या. आणि पहिली रात्र सिवनी-लखनादौनला नको, रामटेकला काढा. काही विसरलं असेल तर घर तासाभरावर आहे.